पावणेपाच लाख रोख, आणि बँक चोवीस किलोमीटरवर

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गाव. गावात बँकेची शाखा नाही. एक बँकमित्र (बँकेने गावात नेमलेला माणूस) आहे, तो एका वेळी दहा हजारांवर घेत नाही. घरात पावणेपाच लाख रोख जमलेत: कापसाच्या पहिल्या वेचणीचे पावणेदोन लाख, महिन्याभराने दुसऱ्या वेचणीचे एक लाख पंधरा हजार, बैलजोडीचे एक लाख दहा हजार आणि आईच्या डब्यातले पाऊण लाख. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) बहिणीचं लग्न आहे. चुलते म्हणतात, पतसंस्थेचा माणूस घरी येऊन पैसे नेतो, पावतीही देतो. मित्र म्हणतो, एकदम भरले तर इन्कम टॅक्सची नोटीस येईल, रोज एकोणपन्नास हजार भरत जा. काय करावं?

दादा, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. लग्नाच्या वरखर्चाला लागतील तेवढे घरी ठेवा आणि बाकी सगळी रक्कम एकाच फेरीत, एकाच दिवशी, शाखेच्या खिडकीवर भरा. पतसंस्थेच्या माणसाकडे नाही, व्यापाऱ्याकडे नाही, मेहुण्याच्या खात्यात नाही आणि तुकड्यातुकड्यांत तर नाहीच. मी आधी रोखपाल आणि मग शाखाधिकारी म्हणून खानदेशातल्या खेड्यापाड्यांतल्या शाखांत नोकरी केली. लोक चोवीस किलोमीटरच्या रस्त्याला घाबरतात. पण माझ्यासमोर रडत आलेल्यांपैकी बहुतेकांचे पैसे रस्त्यात गेले नव्हते. ते घरात, ओळखीच्या माणसाकडे किंवा बँकेच्या दारातल्या मोटरसायकलच्या डिक्कीतून गेले होते.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल, कारण हा सल्ला गावोगाव फिरतो आणि त्याने नुकसानच होतं. स्वतःच्या मालाचे पैसे स्वतःच्या खात्यात भरणं हा गुन्हा नाही, मग ते पावणेपाच लाख का असेनात. बचत खात्यात वर्षभरात मिळून 10 लाख किंवा त्याहून जास्त रोख जमा झाली की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. तुम्ही त्याच्या निम्म्यावरही नाही. उलट रोज एकोणपन्नास हजार भरणारा माणूस बँकेच्या संगणकाला लगेच खटकतो, कारण मर्यादेखाली राहण्यासाठी पाडलेले तुकडे शोधणं हेच त्या यंत्रणेचं काम आहे. म्हणजे ज्या नोटिशीला घाबरून तुकडे पाडायचे, तिलाच आवतन द्यायचं. वर दहा दिवस दहा फेऱ्या, आणि दहाही दिवस अख्ख्या फाट्याला कळतं की हा गडी रोज पिशवी घेऊन बँकेत जातो.

कापसाचं उत्पन्न शेतीचं आहे, त्यावर केंद्राचा आयकर नाही. उद्या कोणी विचारलंच तर दाखवायला कागद हवेत, एवढंच. खानदेशात इथेच घोडं अडतं. खेडा खरेदीत व्यापारी दारात गाडी लावतो, काट्यावर माप होतं, खिशातून नोटा निघतात आणि चिठ्ठी म्हणून सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर दोन आकडे मिळतात. तो पुठ्ठाही चालेल, पण त्यावर तारीख, वजन, भाव, व्यापाऱ्याचं नाव आणि सही पाहिजे. वजनकाट्याची छापील पावती असेल तर उत्तम. सोबत चालू वर्षाचा सातबारा घ्या आणि त्यावर कापसाची नोंद आहे का ते बघा. ई-पीक पाहणी केली नसेल तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही, आणि मग बेचाळीस क्विंटल कापूस कुठल्या रानातून आला हे तोंडी सांगत बसावं लागतं. बैलांची पावती बाजार समिती देते. सौद्याच्या वेळी घेतली नसेल तर अजूनही जाऊन नक्कल मागा. वरखेडीचा गुरांचा बाजार असो की सारंगखेड्याचा घोडेबाजार, तिथे व्यवहार रोखीतच होतो, त्यामुळे पावती हाच एक पुरावा उरतो.

व्यापाऱ्याकडून रोख घेताना एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. 2017 पासून आयकर कायद्यात तरतूद आहे की एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच सौद्यापोटी, 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. व्यापारी तिला 269एसटी म्हणून ओळखतात. दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नाही, आणि तो घेतलेल्या रकमेइतकाच असू शकतो. म्हणजे इथे घेणारा शेतकरी अडकतो. तुमची पहिली वेचणी पावणेदोन लाखांची, दुसरी महिन्याने, वेगळ्या भावाने. ते दोन वेगळे सौदे आहेत आणि दोन्ही मर्यादेच्या आत आहेत. तेव्हा चिठ्ठ्याही दोनच करून घ्या, ज्या त्या तारखेच्या. व्यापारी सोय म्हणून एकच चिठ्ठी देतो म्हणाला तर नको म्हणा. आणि एकाच सौद्याचे तीन लाख झाले असतील तर तारखा बदलून दोन चिठ्ठ्या करायचा शहाणपणा कोणी सुचवू नये. ते खोटं बिल झालं.

याची दुसरी बाजूही सांगून ठेवतो, कारण व्यापारी ती सोयीनुसार वापरतात. ‘दहा हजारांवर रोख देता येत नाही, सरकारचा नियम आहे, पैसे पंधरा दिवसांनी देतो’ असं ऐकलं असेल. व्यापाऱ्याला धंद्याच्या खर्चात एका दिवशी एका माणसाला 10,000 च्या वर रोख दिलेली वजा मिळत नाही, हे खरं. पण शेतकऱ्याकडून थेट शेतमाल घेतला असेल तर त्यातून सूट आहे. ज्या गावात बँकेची सोयच नाही, तिथल्या रहिवाशाला तिथेच दिलेल्या पैशालाही सूट आहे. तेव्हा नियम त्याच्या आड येत नाही, त्याला तुमचे पैसे पंधरा दिवस बिनव्याजी वापरायचे असतात. त्यापेक्षा पुढच्या हंगामात खात्यावरच घ्या. एनईएफटी आता रात्री-अपरात्रीही चालते. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर माल घातला तर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. हमीभाव 2025-26 च्या हंगामाला मध्यम धाग्याचा क्विंटलला 7,710 रुपये आणि लांब धाग्याचा 8,110 होता. ओलाव्याची कटकट आहे, रांग आहे, मान्य. पण रोख सांभाळायची कटकट नाही.

आता पतसंस्था. चुलत्यांचा अपमान करायचा नाही, पण इथे माझं मत पक्कं आहे. बँकेतल्या ठेवीला, मग ती राष्ट्रीयीकृत असो, नागरी सहकारी असो की जिल्हा मध्यवर्ती, ठेव विमा महामंडळाचं 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. हे 2020 पासून, आधी ते 1 लाखच होतं. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. मल्टिस्टेट असं मोठं नाव लावलेल्या पतसंस्थेलाही नाही. जळगाव जिल्ह्याला हे वेगळं समजवायची गरज नसावी. पतसंस्थांतल्या ठेवी अडकून मुलीच्या लग्नाला पैसे मिळाले नाहीत अशी घरं इथे तालुक्यातालुक्यात सापडतील. शिवाय दारात येणारा माणूस पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करणारा एजंट असतो. त्याच्या वहीतली नोंद संध्याकाळी संस्थेच्या वहीत चढेपर्यंत तुमचे पैसे त्याच्या खिशात असतात. शंभर-दोनशेच्या पिग्मीला ते चालून जातं. पावणेपाच लाखांना नाही.

व्यापाऱ्याकडेच ‘जमा’ ठेवायची रीतही आपल्याकडे आहे. लागतील तसे घ्या, वर दीड टक्का देतो म्हणतो. ज्याची पेढी तीन पिढ्यांची आहे तोही भाव पडला की रातोरात गाळा बंद करतो, आणि मग वहीचा कागद घेऊन पोलीस ठाण्यात रांग लागते.

तर मग फेरी कशी करायची.

पहिली फेरी रिकाम्या हाताने करा, किंवा दुसऱ्या कामासाठी चोपड्याला जाल तेव्हा शाखेत डोकावून या. पासबुक छापून घ्या आणि तीन गोष्टी विचारा. खातं चालू आहे का? दोन वर्षं त्यावर काही देणंघेणं झालं नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं. केवायसी बाकी आहे का? आणि खातं कुठल्या प्रकारचं आहे? अपुऱ्या कागदांवर उघडलेलं जनधनचं छोटं खातं असेल तर त्यात एका वेळी 50,000 च्या वर शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षात 1 लाखाच्या वर जमा होत नाही. पूर्ण केवायसी केली की ही अट जाते. पैशाची पिशवी घेऊन खिडकीपर्यंत पोचल्यावर हे कळलं की माणूस तीच पिशवी घेऊन उन्हात परत निघतो, आणि तोवर बँकेतल्या पंधरा जणांनी ती पाहिलेली असते. तेव्हाच शाखेत सांगून ठेवा की अमुक दिवशी एवढी रोख घेऊन येतो. पॅन कार्ड आहे का तेही बघा. नसेल तर त्याऐवजी कुठला फॉर्म भरायचा ते विचारून घ्या.

दिवस निवडताना दुसरा-चौथा शनिवार आणि तालुक्याचा आठवडे बाजार टाळा. निराधार योजनेचे किंवा लाडक्या बहिणीचे पैसे जमा झालेत त्या आठवड्यातही जाऊ नका, दाराबाहेरपर्यंत रांग असते. सकाळी शाखेत फोन करून ‘लिंक आहे का’ एवढं विचारा आणि उघडल्याउघडल्या पोचा.

नोटा आदल्या रात्री दार लावून मोजा. शंभर-शंभरच्या गड्ड्या करा, कागदाची पट्टी लावा. टाचणी किंवा स्टेपल मारू नका. सगळ्या पाचशेच्या असतील तर पावणेपाच लाखांच्या साडेनऊ गड्ड्याच होतात, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत मावतात. कुठल्या किती नोटा हे कागदावर लिहून एक प्रत घरी ठेवा. बँकेच्या पट्टीतली गड्डी व्यापाऱ्याने दिली असेल तरी ती सोडून मोजा. पट्टी जशीच्या तशी, आत नोटा अठ्ठ्याण्णव, असं मी खिडकीच्या आतून किती वेळा पाहिलं आहे! शेतकरी शपथेवर सांगतो की शंभर होत्या, यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवतं, आणि व्यापारी तोवर शिरपूरच्या पुढे गेलेला असतो. एकदा एका बाईंनी मुलाच्या शाळेच्या वहीचं पान आणलं होतं. त्यावर गड्डीनिहाय आकडे, कोणी दिली त्याचं नाव आणि खाली त्या व्यापाऱ्याची सही. अशी कमी नोटांची गड्डी निघाली तेव्हा बाईंनी तिथूनच फोन लावला, त्याने हजार रुपये दुसऱ्या दिवशी घरी आणून दिले. मी तसं पान पुढे कित्येकांना करायला सांगितलं.

घरात नोटा कुठे ठेवल्या होत्या हे आम्हाला वासावरून कळायचं. कपाशीच्या फवारणीच्या औषधाशेजारी कोठीत ठेवलेल्या नोटा यंत्रातून जात नाहीत, कडेला डाग असतात, हाताला चिकटतात. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून पुरलेल्या नोटांना बुरशी येते. कणगीत उंदीर. कुरतडलेल्या, जळालेल्या नोटा फेकून देऊ नका: पन्नास रुपये आणि त्यावरच्या नोटेचा 80 टक्क्यांहून मोठा सलग तुकडा असेल तर पूर्ण पैसे मिळतात, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मे. तुकडे तसेच कागदात ठेवून न्या, चिकटपट्टी लावून कलाकुसर करू नका.

बनावट नोट निघाली तर घाबरून पळू नका आणि ‘परत द्या, ज्याने दिली त्याला देतो’ म्हणून हुज्जत घालू नका. बँक ती नोट परत देऊच शकत नाही. तिच्यावर शिक्का मारून ती ठेवून घेते आणि तुम्हाला पोच देते. ती पोच मागून घ्या. एका भरण्यात चारपर्यंत निघाल्या तर महिन्याच्या अहवालात पोलिसांकडे कळवतात, पाच किंवा जास्त निघाल्या तर थेट गुन्हा नोंदवावा लागतो. गड्डी कोणाची होती हे वहीच्या पानावर असेल तर इथेही तेच पान कामाला येतं.

दोघं जा. एकटं जाऊ नका आणि पाच जणांची वरातही नको. काळी-पिवळीत कोंबून बसण्यापेक्षा ओळखीच्या माणसाची गाडी बरी. त्याला कारण सांगायची गरज नाही, डॉक्टरकडे जायचंय म्हणा. आदल्या दिवशी पारावर ‘काय भो, कसा भाव भेटला?’ असं कोणी विचारलं तर भाव सांगा, पण पैसे घरात आहेत की बँकेत हे त्याच्या कानावर जायला नको. वाटेत चहा, पेट्रोल, खताच्या दुकानात डोकावणं, काही नाही. पिशवी अंगावर. डिक्कीत ठेवून ‘जरा’ कुठे गेलात की गेलीच. बँकेसमोरच्या गाडीची डिक्की उघडायला चोराला मिनिटही लागत नाही. ‘काका, तुमच्या शर्टावर घाण पडली’, ‘दादा, तुमचे पैसे पडले बघा’ म्हणणाऱ्याकडे वळून बघायचं नाही, नोट खरोखर पडली असली तरी. बँकेत पैसे मोजून द्यायला मदत करणारा अनोळखी गृहस्थही त्याच जातकुळीतला.

निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर हीच फेरी जरा वेगळी होते. आपला पट्टा मध्य प्रदेशाला लागून, नंदुरबारकडे गुजरातला लागून. तपासणी नाके असतातच, आणि 50,000 च्या वर रोख दिसली की विचारपूस होते. सातबारा, काटा पावती, बैलांची पावती आणि पासबुक पिशवीतच ठेवा. तरीही रक्कम अडवली तर आवाज चढवू नका. पंचनाम्याची प्रत आणि पावती घ्या, आणि दाद कुठे मागायची ते त्या पावतीवर लिहून मागा. अशी प्रकरणं बघायला जिल्ह्यात अधिकाऱ्यांची समिती असते. निवडणुकीशी संबंध नसेल तर रक्कम सोडतात, आणि गुन्हा दाखल नसेल तर मतदानानंतर सात दिवसांपलीकडे ती अडकवून ठेवता येत नाही. एरवी रोख बाळगण्यावर कायद्याची कमाल मर्यादा नाही.

पैसे भरण्याचं यंत्र दिसलं तरी एवढी रक्कम त्यात घालू नका. बहुतेक यंत्रं एका वेळी 200 नोटा घेतात, मळकी नोट आली की अडखळतात, आणि मागचा माणूस घाई करतो. खिडकीवर द्या, नोटा मोजताना यंत्राच्या आकड्याकडे बघा, शिक्का-सहीची स्थळप्रत हातात आल्याशिवाय आणि पासबुकात नोंद छापल्याशिवाय बाहेर पडू नका.

मग बँकमित्राचं काय? त्याला कमी लेखू नका, पण त्याचं काम वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबी बँकमित्र बसला की गावात बँकिंग पोचलं; शाखा येईल याची वाट बघण्यात अर्थ नाही. ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जरूर द्या, निदान दुसरा बँकमित्र तरी मिळेल. पैसे शाखेत भरून झाल्यावर लग्नाचा किरकोळ खर्च त्याच्याकडून अंगठ्यावर काढता येतो, एका वेळी दहा हजारांपर्यंत. अट एकच: यंत्राची छापील पावती आणि मोबाइलवरचा मेसेज दोन्ही आल्याशिवाय उठायचं नाही. ‘फेल झालं, परत अंगठा लावा’ म्हणाला तर आधी पहिल्या वेळेची फेल झाल्याची पावती मागा. तक्रार करायची वेळ आली तर आधी लेखी बँकेकडे, आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे; माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

लग्नासाठी घरी चाळीस-पन्नास हजार पुरेत. मंडप, बँड, आचारी हे सगळे आता फोनवर पैसे घेतात. सोनं जळगावला घ्यायला जाल तर चेक किंवा खात्यावरूनच द्या. 2 लाखांची मर्यादा सराफालाही आहे, आणि पक्कं बिल आपोआप मिळतं.

राहिले आईच्या डब्यातले पाऊण लाख. तो डबा तिच्यासमोर बसूनच उघडा. त्यात दोन हजारांच्या गुलाबी नोटा असतील तर त्या अजून वैध आहेत, पण 2023 पासून चलनातून काढून घेतल्यामुळे तुमची शाखा आता घेणार नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत चालतात, आपल्या राज्यात उदाहरणार्थ मुंबई किंवा नागपूर. तिकडे जायची गरज नाही, पोस्टातून पाठवता येतात आणि पैसे तिच्या खात्यात जमा होतात. 2016 आधीच्या पाचशे-हजाराच्या निघाल्या तर मात्र त्यांचं काही होत नाही, आणि दहाहून जास्त जवळ ठेवायलाही कायद्याने बंदी आहे; हे तिला त्या क्षणी नको, नंतर सांगा. चालत्या नोटा तिच्याच नावावरच्या खात्यात भरा, तुमच्या नाही. त्यासाठी त्या दिवशी तुमच्यासोबतचा दुसरा माणूस तीच असू द्या. नॉमिनी म्हणून कोणाचं नाव लावायचं तेही तिलाच विचारा. नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चारपर्यंत नावं देता येतात, म्हणजे लग्न होऊन जाणाऱ्या बहिणीचंही लावता येईल. फॉर्म त्याच खिडकीवर मिळतो.